पोरं असतील तर खोली

"बच्चा न्हाई? तो फिर खोली भी न्हाई."

हे मी जिन्यात उभी राहून ऐकलं. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. खाली अंगणात टेम्पो उभा होता. त्यात गॅसची शेगडी, कूलर आणि कपड्यांची गाठोडी होती. बिहारहून आलेलं एक जोडपं हात जोडून उभं होतं आणि आमच्या घरमालकीण, इंदूआजी, ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. पोरांचा दंगा नको म्हणून मालक लोक खोली देत नाहीत, असं त्या माणसाला कुणीतरी सांगितलं असणार. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "कोई बच्चा नहीं है अम्मा, बस हम दोनों."

"मग जावा फुडं. उरवड्यात बघा."

तेवढ्यात टेम्पोमागून एक डोकं बाहेर आलं. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. तिची आई ओशाळली. आजी मात्र गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "ही कुणाची? तुमची? अरं मग आदी सांगायचं न्हाई व्हय! ये गं बाय. कितवीत बसशील?"

तिचं नाव रोशनी. खोली मिळाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजी तिला हाताला धरून जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवून आल्या.

आमची वाडी उरवड्याच्या अलीकडे, कारखान्यांच्या शेडांमागे आहे. शाळेची जागा आजींच्या सासऱ्यांनी दिलेली. दोन खोल्या, पुढे पटांगण, कडेला कडुनिंब. आजी त्या शाळेत कधी शिकल्या नव्हत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा शाळेच्या भिंती सारवायला मात्र त्यांना धाडलं जायचं. पुढे भिंती सिमेंटच्या झाल्या, जमिनी विकल्या गेल्या, गावातल्या घरांपुढे मोटारी आल्या आणि सकाळी पिवळी बस येऊन गावची पोरं पिरंगुटच्या बाजूच्या इंग्रजी शाळेत नेऊ लागली. वाडीतल्या शाळेत उरली ती कामगारांची मुलं. पट इतका खाली आला की शाळा बंद होणार अशी बोलवा सुरू झाली. त्यावर आजींनी स्वतःच्या अखत्यारीतला उपाय काढला: भाड्याची खोली फक्त पोरं असलेल्यांना, आणि पोरं वाडीच्या शाळेत घातली तरच.

त्यापायी चांगली भाडेकरू माणसं परत जात. कंपनीतल्या एकट्या मुलांना त्या सरळ सांगत, "आदी लगीन करा, मग या." त्यांचा मुलगा संदीपदादा चिडायचा. "आई, लोक एकेका कॉटचं भाडं घेत्यात आन् तू पोरं मोजतीस." आजी म्हणायच्या, "मोजती. तुज्या आज्ज्यानं जागा दिली ती कुलूप लावाय न्हाई."

आमच्या वेळी मात्र त्या अडल्या होत्या. बाबांची सोलापूरहून इकडच्या कंपनीत बदली झाली तेव्हा माझं कॉलेज संपत आलेलं. आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही लई मोठी झाली. शाळंच्या काय उपेगाची?" आई घाईघाईने म्हणाली, "इंग्रजी शाळेत शिकलीय ती." आजींनी वरच्या खोलीकडे हात केला. "मग शनवारी पोरास्नी विंग्रजी शिकवील. करा सामान वर."

मला कुणी विचारलं नाही. मी अनोळखी माणसांसमोर बोलत नाही. घरात पाहुणे आले की अजूनही आतल्या खोलीत जाते. तरी शनिवारी मी शाळेत जाऊ लागले, पुढे हिंजवडीत नोकरी लागल्यावरही. फळ्यावर लिहायचे आणि मुलं मोठ्याने वाचायची. माझ्यापेक्षा त्यांचाच आवाज जास्त. आजी दारात बसून ऐकत आणि परत येताना मला म्हणत, "मनातल्या मनात बोललेलं कुणाला ऐकू जातं का गं? जरा तोंड उगड." मी हसायचे. त्यावर त्या म्हणायच्या, "हसतीया बग. हसाय पैसं लागत न्हाईत, बोलाय लागत्यात जनू."

एक गोष्ट मला पहिल्यापासून दिसत होती. आजींचा नातू, शौर्य, त्याच पिवळ्या बसने जायचा. टाय, बूट, मागे ओढायची चाकांची बॅग. भाडेकरूंची पोरं शाळेच्या वाटेवर उभी राहून ती बस बघायची. एकदा रोशनीच्या आईने नळावर विचारलंच, "अम्मा, आपका पोता इस स्कूल में क्यों नहीं?" आजींनी हंडा भरू दिला. मग म्हणाल्या, "त्यो सुनंचा इषय हाय. घरात माजं चालतं ते फकस्त ह्या खोल्यांवर." त्या रागावल्या नव्हत्या.

मग शिक्षण खात्याचे साहेब पट तपासायला येणार असा निरोप आला. दिवस होळीच्या आसपासचे. कामगार रजेवर, अर्ध्याहून जास्त कुटुंबं बिहार-यूपीला गेलेली. रोशनीचे वडील रजा न मिळाल्याने राहिले होते, म्हणून ती होती. शाळेचे जगताप गुरुजी वरांड्यात येरझाऱ्या घालत होते. नावं होती, मुलं नव्हती. आणि साहेब मुलं बघणार होते.

त्या सकाळी पिवळी बस वाडीतून जवळजवळ रिकामी गेली. सून माहेरी, संदीपदादा कामावर. आजींनी शौर्यला आणि शेजारपाजारच्या त्याच्याएवढ्या पोरांना खाऊचं कबूल करून थांबवून घेतलं होतं. गावी गेलेल्यांच्या खोल्यांच्या दोऱ्यांवरून गणवेश काढून त्यांना घातले. शौर्यची चड्डी कमरेला पिनेने आवळली होती. मला सुट्टी होती म्हणून गर्दी वाढवायला मलाही नेलं. गुरुजींनी ती नवी मुलं पाहिली, आजींकडे पाहिलं आणि फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.

साहेब वाईट नव्हते. उन्हातून आले होते, पाणी मागितलं, मुलांशी हसून बोलले. वर्ग भरलेला बघून मान डोलावली. आजी दारात उभ्या होत्या. मला त्यांचा सुटलेला श्वास ऐकू आला. मग साहेबांनी तिसरीचं मराठीचं पुस्तक उघडलं आणि सगळ्यात टापटीप दिसणाऱ्या मुलापुढे धरलं.

"वाच रे बाळा, पहिला परिच्छेद."

शौर्य पुस्तकाकडे बघत राहिला. त्याला अक्षरं ओळखता येत होती, जोडून वाचता येत नव्हतं. त्याच्या शाळेत मराठी नावापुरतंच. मी त्याच वाटेने गेलेली, त्यामुळे त्याच्या मानेवर चढत गेलेला लाल रंग मला ओळखीचा होता. "सका... सकाळ..." एवढं झालं. रोशनी शेजारून कुजबुजून सांगू लागली. साहेबांनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. तिने एका दमात परिच्छेद वाचून काढला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून थांबली.

"शाब्बास! नाव काय तुझं?"

"रोशनी कुमारी."

"गाव?"

"सिवान, बिहार."

साहेब गुरुजींकडे वळले. "बघा म्हणजे! बिहारची मुलगी वाचते आणि गावचा मुलगा नाही वाचत. तिसरीत हे असेल तर गावच्या लोकांनी पोरं कशाला पाठवायची तुमच्याकडे?"

गुरुजींनी खाली बघत हजेरीपट मिटला. काय म्हणणार? तो माझा विद्यार्थीच नाही म्हटलं तर पट खोटा ठरला असता आणि त्यांची नोकरी गेली असती. आजींचा ओठ हलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इंग्रजीतून, मराठीतून, कशातून तरी ही पोरगी काही सुचवेल असं त्यांना वाटलं असावं. पण वाचवणारं वाक्य कुठल्याच भाषेत नव्हतं. शौर्य रडू लागला आणि म्हणाला, "आजी, मला घरी जायचंय." तेव्हा आजी त्याला घेऊन बाहेर गेल्या.

त्या दिवसामुळे शाळा बंद झाली, असं म्हणता येणार नाही. ती बहुतेक तशीही गेलीच असती; आजूबाजूच्या वाड्यांच्याही गेल्या. आजींना मात्र कायम तसंच वाटत राहिलं. "म्याच माजा नातू फुडं केला," त्या म्हणायच्या. "आन् त्यानं खरं तेच दाखवलं."

जूनपासून मुलांना हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जोडलं. गाडी देणार म्हणाले होते; ती थोडे दिवस आली. मग आजी स्वतः पोरांना घेऊन रस्त्यापर्यंत जाऊ लागल्या. कंटेनर धडधडत जायचे आणि आजी हातातली छत्री आडवी धरून मध्ये उभ्या राहायच्या. चालक शिव्या द्यायचे. "दे, दे. माजं वय झालंय शिव्या खायचं," असं म्हणून त्या पोरांना पलीकडे काढायच्या. पावसाळा संपेपर्यंत गुडघे थकले. आजी थांबल्या आणि एकेक मूलही थांबलं. रोशनीची आई पॅकिंगच्या कामाला लागली होती. धाकट्या भावाला सांभाळायला रोशनी घरी राहिली. ओट्यावर बसून ती जुनं तिसरीचं पुस्तक आजींना वाचून दाखवायची. आजी ऐकताना शाळेच्या कुलपाकडे बघत. आत आता पंचायतीचे पाईप ठेवलेत.

गेल्या श्रावणात आजी गेल्या. दोन-तीन दिवस अंथरुणावर होत्या. मी भेटायला खाली गेले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "खालची खोली कुणी घेतली?" ती रोशनीची खोली; तिला घेऊन आईवडील तेव्हा नुकतेच चांद्याकडे नव्या कामावर गेले होते. कुणीच नाही, अशी मी मान हलवली. "बोल की तोंडानं," त्या म्हणाल्या. मी बोलले नाही.

आता खोल्यांचं संदीपदादा बघतो. बहुतेकांत कॉट लागल्या आहेत. परवा तो बाहेरगावी होता. "ताई, कुणी आलं तर खालची खोली दाखव," असं सांगून गेला. दुपारी परभणीकडचं एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर गाठोडं होतं. माणूस म्हणाला, "आम्ही दोघंच हाव, मॅडम. लेकरूबाळ काही नाही. तरास होणार नाही तुम्हाला."

पाण्याच्या टाकीमागून एक फ्रॉक दिसत होता. टाकीला धरलेली चार बोटंही.

मी किल्ली हातात घेऊन उभी होते. ओटा रिकामा होता. माझ्या मनात वाक्य तयार झालं, नेहमीसारखं. मी ते तोंडाने बोलले.

"तिला पुढे बोलवा, लपवू नका. खोली आहे. शाळा नाही."