सहलेखकाचं पत्र

शेणव्याचे देवराम निचिते मुरबाडला एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत. वीस वर्षं डोंगर तुडवून त्यांनी रानकंदांवर चौदा शोधनिबंध छापले होते. त्यांच्याच जोरावर २००३ साली त्यांनी पीएचडीच्याही वरच्या डीएस्सी पदवीसाठी अर्ज भरला. प्रत्येक निबंधावर त्यांनी गुरू म्हणून रेगेसरांचं नाव मानाने आधी घातलं होतं. आता विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे त्यातलं काम कोणाचं, एवढंच सहलेखक म्हणून सरांनी लिहून द्यायचं होतं.

सरांचं पत्र आलं : ‘संशोधन माझे. निचिते यांनी केवळ नमुने गोळा केले.’

देवरामांनी ते बायकोला वाचून दाखवलं.

“तुमचे सर कवा डोंगर चढले काय?” सकुबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“नाय गो. खर्डी स्टेशनाच्या पुढं कधी आले नाय.”

अर्ज फेटाळला गेला. पुढचा निबंध देवरामांनी एकट्याच्या नावाने छापला आणि सरांना दिवाळीचं पत्र पाठवणं कायमचं बंद केलं.