बटणाची वाट बघणारा प्रोग्रॅम

मी नकला करतो. सिटी बसचा कंडक्टर, उदगीरच्या शाळेतले गणिताचे सर, विद्यानगरच्या आमच्या रूमचा मालक, जो तीन भाषांत नळ बंद करायला सांगतो. मामाचा आवाज मात्र सगळ्यात भारी यायचा.

मामा गौलीगुड्यात राहायचा. कोठी भागातल्या एका क्लासमध्ये त्यानं वर्षानुवर्षं पोरांना सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवली. मग घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला. फोनवर लिहून दाखव म्हणलं तर ऐकेना. आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर, क्लासात वापरायचा त्याच जुन्या निळ्या स्क्रीनच्या कंपायलरमध्ये, त्यानं मामीशी बोलायला एक प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न यायचा, 'चहा देतेस का?' खाली वाय नाहीतर एन, म्हणजे हो नाहीतर नाही. मामीनं बटण दाबलं की पुढचं वाक्य. मी तिथं असलो की ते मामाच्या आवाजात वाचायचो, नाकातून, शेवटचा शब्द ओढत. मामा हसायचा. आवाज नाही, नुसते खांदे हलायचे.

मामा गेल्यावर एकदा सवयीनं मी तो आवाज काढला. मामी शांतपणे म्हणाली, "आता ते नक्को रे." तेव्हापासून बंद.

पुढं तो कॉम्प्युटरही बंद पडला. मामीचा फोन आला, ह्यांचं ते एकदा चालू करून दाखवतोस का. कोठीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं त्यातून मामाची फाइल तेवढी काढून दिली. मी म्हणलं, हौ, दहा मिनिटांचं काम आहे.

माझ्या लॅपटॉपवर सगळं फुकटचं. सिस्टीम फुकटची, लिहिलेला प्रोग्रॅम चालवून देणारा कंपायलरही फुकटचा. त्यानं पहिल्याच ओळीला मान हलवली, कोनिओ नावाची फाइल सापडत नाही म्हणे. ती ओळ काढली तर स्क्रीन पुसणारं फंक्शन सापडेना, थांबायचं सापडेना, दाबलेलं एक बटण वाचणारं 'गेटच' नावाचं फंक्शनही सापडेना. ही फंक्शनं मामाच्या जुन्या कंपायलरच्या घरची. इकडं त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

मग मी नकलाकाराचं डोकं लावलं. त्याच नावाची खोटी फंक्शनं लिहिली. स्क्रीन पुसायच्या जागी पंचवीस रिकाम्या ओळी. थांबायच्या फंक्शनात काहीच नाही. आणि 'गेटच'? ते कधीही बोलवा, लगेच 'वाय' म्हणणारं. एरर गेले. मी खूश होऊन लॅपटॉप घेऊन गौलीगुड्याला गेलो.

मामीनं चष्मा लावला, पदर सावरून खुर्चीवर बसली. मी एंटर दाबलं. प्रश्न आला, गेला, दुसरा आला, गेला, आणि शेवटी 'बरं, झोप आता.' एका श्वासात सगळं संपलं.

मामी स्क्रीनकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "मी दाबलंच कुठं?"

मी सांगितलं की ते बटण वाचायचं फंक्शन इथं नाहीये, म्हणून मी आपलं खोटं घातलंय, ते सगळ्याला हो म्हणतंय.

"मी कधी एवढ्या पटकन हो म्हणले का त्यांना? आधी एन दाबायचे मी. मुद्दाम. ते बसायचे बघत." मग स्क्रीनकडं बोट करून म्हणाली, "ते थांबायचे रे."

मला एकदम लाज वाटली. एरर घालवायच्या नादात मी तिचंच बोलणं काढून टाकलं होतं.

तिथंच जमिनीवर बसून मी खरं 'गेटच' फंक्शन लिहायला घेतलं. एंटर न दाबता एक बटण कसं वाचायचं ते शोधलं, दोनदा चुकलं, एकदा तर स्क्रीनवर काही दिसेचना. तिसऱ्या खेपेला चाललं.

'चहा देतेस का?'

खाली कर्सर लुकलुकत होता. ओठावर मामाचा आवाज आला होता, मी गिळला. मामीनं बोट एनवर नेलं. ते तिथंच राहिलं. मग तिनं हात मांडीवर घेतला.

मी म्हणलं, "दाबा की मामी."

"राहू दे," ती म्हणाली. "दाबलं की पुढं जाईल. पुढं जाऊन संपतंच ते."

लॅपटॉपची बॅटरी कमी असल्याचं स्क्रीनवर आलं. मी उठून गुपचूप चार्जर लावला.