मतांचा ढीग

दूधवाल्याच्या पाठोपाठ शेवंताची सून आमच्या दारात आली, पायात चप्पल नाही. तेवढ्यावरूनच मी काय ते समजले. "मावशी, आई गेल्या... झोपेतच," म्हणाली. मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि माझंच प्यायचं राहून गेलं. त्याला आता महिना उलटला. रडून झालंय. भरलं आयुष्य जगून गेली बाई, आणि रडक्या तोंडाचा तिला भारी कंटाळा, म्हणून जरा हसतच लिहिते.

आमची गाठ पडली बहात्तरच्या दुष्काळात, तिसगावच्या बाजूला, रस्त्याच्या कामावर. मी जमीनवाल्यांच्या घरची नवी सून, ती बौद्ध वस्तीवरची. एरवी आमच्या पाणी भरायच्या वाटासुद्धा वेगळ्या. पण विहिरी आटल्या, सगळेच खडी फोडायला आले, आणि मुकादमानं आम्हाला शेजारीशेजारी बसवलं. शेवंताच्या पलीकडे ठकूबाई बसायची. वय झालेलं, मागेपुढे कुणी नाही, मनगट सुजलेलं. संध्याकाळी प्रत्येकीचा ढीग बघितला जायचा आणि ठकूबाईचा रोज तोकडाच. एके दिवशी सकाळी मुकादमानं बजावलं, "म्हातारे, आज ढीग पुरा झाला न्हाई तर उद्यापासून नाव कमी." नाव कमी म्हणजे तिची चूल थंड.

त्या दिवसांत कामावर बघ्यांना तोटा नव्हता, आणि गरिबी का येते हे प्रत्येकाला ठाऊक! त्या सकाळी मुकादमच सुरू झाला. "आळस, दुसरं काय! आळसानं गरिबी येती."

शेवंतानं मान वर न करता ठकूबाईच्या हातातली हातोडी काढून त्याच्यापुढे धरली. "आमाला समजून घ्यायचंय, मुकादम. पन हितं रिकाम्या हातानं बोलायची रीत न्हाई. फोडीत फोडीत सांगा."

ही रीत तिनं त्याच घटकेला काढलेली, बरं का! पण बायका अशा हसल्या की मुकादमाला बसावंच लागलं. मग वाण्याचं दुकान चालवणारे अण्णा आले, म्हणाले नशीब. "बसा अण्णा, नशिबावर दोन दगड फोडा." गुरुजी म्हणाले शिक्षण नाही, तेही बसले. दुपारी नगरहून एक साहेब पाहणीला आले. त्यांच्या मते सगळा दोष पोरांच्या लेंढाराचा. बोलता बोलता हातोडी त्यांच्या अंगठ्यावर बसली, तशी शेवंता म्हणाली, "साहेब, पोरं कमी करा म्हन्ता, पन बोटं तरी राहू द्या!" साहेबसुद्धा हसले, अंगठा तोंडात धरून.

आणि ही सगळी खडी कुणाच्या ढिगात पडत होती? ठकूबाईच्या. ती बिचारी पदराआडून बघत होती. संध्याकाळी मुकादम आला आणि ढिगापुढे थांबला. आम्हा सगळ्यांचे हात थांबले.

"ह्यो कुनाचा?"

"तुमच्या मतांचा," शेवंता म्हणाली. "तुमचा आळसबी हाय त्यात, खालच्या अंगाला."

त्यानं खालच्या अंगाचा एक दगड उचलून पाहिला, मग फसकन हसला आणि ठकूबाईची हजेरी लावून पुढं गेला. पुढं पुढं तर रस्त्यानं जाणाऱ्याला तोच हाक मारायचा, "या पाव्हनं, गरिबीवर काय बोलायचंय का?" ठकूबाईचं नाव शेवटपर्यंत टिकलं.

मी एकदा विचारलं, "तुझं मत काय गं?" म्हणाली, "पाऊस न्हाई म्हनून तू माज्या शेजारी बसलीस. पाऊस पडला की तू तुज्या रानात जाशील, आन् मी दुसऱ्याच्या. ह्यात मत काय द्यायचं?" मी पुढचा दगड ओढून घेतला. पण पाऊस पडल्यावर मी तिला घरी बोलावलं, आमच्याच माठातलं पाणी दिलं. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "ती हसरी बाई परत कधी येनार?"

पुढं तिचा मुलगा शिकला, नोकरीला लागला, नगरला सावेडीत घर झालं. आम्हीही मुलाच्या मागे त्याच गल्लीत आलो. शेवंताची रीत मात्र सुटली नाही. कुणी गरिबांवर बोलू लागलं की ती सोलायच्या भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढ्यात सरकवायची. दाणे जायचे जिना झाडणाऱ्या कमलच्या घरी.

परवा रविवारी शेवंताच्या घरी गेले. खिडकीत ती खडीच्या कामावरची जुनी हातोडी आहे तशीच, फक्त दांडा नवा. तिचा नातजावई आला होता, चांगला मुलगा, पण बोलका. "फुकट धान्य देऊन लोकांना आळशी करून ठेवलंय," त्यानं सुरू केलं. सुनेनं सूप आणून त्याच्यापुढे ठेवलं. तो आधी गोंधळला, मग सोलू लागला, आम्हीही सोलू लागलो. खोलीत टरफलांचा आवाज भरला. सूप रिकामं झालं तरी त्याचं बोलणं संपेना. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. एवढी वर्षं शहरात काढली, पण माझ्या तोंडून जे निघालं ते शेवंताचंच...

"बोला जावईबापू, बोला. आत पोतं हाय अजून."