अकरावी चूक

आज लाल खडूचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मी थेट घनसावंगीच्या दहावीच्या वर्गात जाऊन उभी राहिले. इंग्रजीचे सर फळ्यावर मुद्दाम दहा चुकांचा उतारा लिहीत आणि लाल खडू आमच्या हाती देत. त्या दिवशी दारात बाबा उभे होते. चाचणीत मी इंग्रजीत नापास झाले, म्हणून शाळेतून माझं नाव काढायला आलेले. सरांनी मलाच फळ्याकडे बोलावलं. मी दहा चुका खोडल्या, आणि अकरावीही.

"ही तर माझीच झाली," सर म्हणाले. मग बाबांकडे वळले. "दादा, नाव काढायचंच आसंल तर आधी माझं काढा."

बाबा हसत परत फिरले. मी सरांना हरवल्याच्या तोऱ्यात वर्षभर मिरवले. आता वाटतं, ती अकरावी चूक सरांनी बाबांना दारात बघूनच लिहिली असणार.