आईच्या उंचीचा सोफा

अण्णानं माझ्या सोफ्याचे पाय कापले, ही गोष्ट मी आजही शांतपणे सांगू शकत नाही. लोक म्हणतात, झालं ते झालं, मोठा भाऊ आहे, चांगल्या मनानं केलं. चांगल्या मनानं केलेल्या गोष्टींनीच मला आयुष्यात सगळ्यात जास्त मनस्ताप दिलाय. वाईट मनाच्या माणसाला निदान चार शब्द सुनावता तरी येतात.

हा सोफा काही दिवाणखान्यातला नव्हता. गाडीच्या मागे जोडून न्यायच्या ट्रेलरमधला होता. दिवसा बसायचं, आणि पुढचा भाग ओढला की त्याचाच पलंग. असले सोफे बाजारात तयार मिळतात, पण ते आमच्या ट्रेलरच्या मापाचे नसतात आणि आमच्या आईच्या मापाचे तर मुळीच नसतात. म्हणून मी तो स्वतः करायला घेतला.

आमचं घर राजाजीनगरला. खाली अण्णा, वहिनी आणि आई, वर मी एकटी. आमचं घराणं बंगळूरात इतकं जुनं आहे की मूळचे कुठले, यावर घरातल्या थोरांचंही कधी एकमत झालं नाही. आई मात्र बेळगावची. तिची धाकटी बहीण, आमची मावशी, अजून तिथेच असते आणि गेल्या दिवाळीपासून अंथरुणाला खिळली आहे. दोघींना ऐकू कमी येतं. फोनवर एक विचारते जेवलीस का, दुसरी सांगते इकडे पाऊस नाही. मग दोघी रडतात आणि फोन शेजारी असेल त्याच्या हातात देतात. व्हिडिओ कॉल लावला तर मावशीची नुसती हनुवटी दिसते. "एकदा तिच्या अंगावरून हात फिरवायचाय मला," आई म्हणायची. एवढंच. दुसरं काही तिनं आमच्याकडे कित्येक वर्षांत मागितलेलं नाही.

अडचण होती गुडघ्यांची. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, त्यातलं एक नीट बसलं नाही. थोडा वेळ बसलं की तिला पाय लांब करून पडावंच लागतं, नाहीतर गुडघा सुजून टम्म होतो. ट्रेनचा खालचा बर्थ इतका खाली असतो की त्यावरून तिला उठता येत नाही. विमानाचं नाव काढलं की ती कानांवर हात ठेवायची. मग मला हा ट्रेलर मिळाला. ऑफिसातल्या एकानं लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतला होता आणि हौस फिटल्यावर येलहंक्याच्या एका शेडमध्ये टाकून दिला होता. मी तो ओढून आमच्या गल्लीत आणला. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नसतो, तेव्हा आई माझ्याबरोबर गाडीत बसेल, वाटेत थांबत जाऊ, आणि थांबलो की ती मागे ट्रेलरमध्ये जाऊन आडवी होईल, असा बेत होता. तो सगळा बेत त्या सोफ्यावर उभा होता.

लाकूडकाम मी व्हिडिओ बघत आणि चुका करत शिकले. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालावीत तशा लाकडी पट्ट्या एकाआड एक बसवल्या, अर्ध्या मागच्या फ्रेमला, अर्ध्या पुढच्या. पुढची फ्रेम ओढली की पट्ट्या सरकून पलंग तयार. पण खरं डोकं मी लावलं होतं ते उंचीत. घरात एकच खुर्ची अशी आहे की जिच्यावरून आई कुणाचाही हात न धरता उठते, ती जेवणाच्या टेबलाची. त्या खुर्चीची उंची घेतली. फोम माणसाच्या वजनानं किती दबतो ते तिला त्यावर बसवून पाहिलं आणि तेवढी उंची पायात वाढवली. उजव्या बाजूला जाडजूड लाकडी हात बसवला, कारण ती उजव्या हातावर भार देऊन उठते. इथल्या, बंगळूरच्या शिवाजीनगरातून बोल्ट आणले, फोम आणला, कापड आणलं. आई रोज खिडकीतून विचारायची, "झालं का गं?" मी म्हणायची, होतंय.

मग अण्णा मोबाईल घेऊन ट्रेलरमध्ये शिरला. अण्णा इंजिनिअर. निवृत्त झाल्यापासून दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं हाच त्याचा उद्योग. त्यानं मोबाईलवर दिशा बघितली आणि म्हणाला, "आईचे पाय दक्षिणेला येतात."

"मग?"

"मग काय? दक्षिणेला पाय करून झोपवणार तू तिला?"

मी म्हटलं, "अण्णा, या खोलीला चाकं आहेत. आत्ता गल्लीत तोंड उत्तरेला आहे. उद्या रस्त्यावर कुठेही असेल."

"असू दे. आत्ता कुठे आहे ते बघ."

मी म्हटलं, उशी दुसऱ्या टोकाला ठेवू. तर तेही जमेना. कारण वहिनीनं शुभ म्हणून पुढच्या भिंतीवर देवीचा फोटो चिकटवून ठेवला होता, आणि उशी फिरवली की पाय थेट देवीकडे जात होते. फोटो काढू म्हटलं, तर लावलेला देव काढायचा नसतो. मी हसले. मला खरंच वाटलं, माणूस थट्टा करतोय. इतकी वर्षं धरणांचे नकाशे वाचलेला माणूस चाकं असलेल्या डब्याची दिशा ठरवतोय, यावर दुसरं काय करायचं?

दोन दिवसांनी ऑफिसातून परत आले तर सोफा आडवा केलेला. ट्रेलरच्या मागच्या भिंतीला लावून, डोकं पूर्वेला. अण्णानं सुतार बोलावला होता. आडवा बसवायचा तर लांबी जास्त होत होती, म्हणून उजवा लाकडी हात उखडून टाकला. मग पाठ खिडकीच्या चौकटीला अडली, म्हणून चारही पाय कापले. सुतार सामान आवरत होता. मला बघून म्हणाला, "सार् हेळिद्रु, मॅडम. स्वल्प कट माडिदे, अष्टे." साहेबांनी सांगितलं, थोडंसं कापलं, बस. आईला आपलं आपण उठता यावं म्हणून मी दोन गोष्टी केल्या होत्या, आणि त्याच दोन नेमक्या जमिनीवर भुशात पडल्या होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गल्लीतच ओरडायला लागले. अण्णा अगदी समजूतदार आवाजात म्हणाला, "अगं, आता कसा सोफ्यासारखा दिसतोय. आधी नुसतं बाकडं होतं." हा समजूतदार आवाज तो लहानपणापासून काढतो. तो ऐकला की मला हातात असेल ते फेकून मारावंसं वाटतं.

माझा आवाज ऐकून आई बाहेर आली. चांगली साडी नेसली होती, जणू आजच निघायचं होतं. "भांडू नका. मी बसून बघते," म्हणाली. मी नको म्हणायच्या आत अण्णानं तिला धरून वर चढवलं. ती बसली आणि खाली गेली. गुडघे छातीशी आले. उजवा हात आधार शोधत हवेत फिरला. तिनं जोर लावला, परत लावला. उठता येईना. शेवटी अण्णानं काखेत हात घालून ओढलं, वहिनीनं मागून ढकललं. साडी गुडघ्याच्या वर गेली, ऑपरेशनचे व्रण उघडे पडले. दारातून समोरच्या घरातली माणसं बघत होती.

उभी राहिल्यावर आईनं साडी सारखी केली. कुणाकडे न बघता म्हणाली, "नको मला बेळगाव. तिला कळवा, मी येत नाही."

आणि अण्णा मला म्हणाला, "बघ. तिलाच नकोय."

ते वाक्य मी विसरणार नाही. त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. रोज ऑफिसातून आले की ट्रेलरमध्ये. सोफा पुन्हा पहिल्यासारखा लांबीच्या भिंतीला आणला. कापलेल्या पायांना तुकडे जोडून चालणार नव्हतं, आईच्या भारानं ते हलले असते. म्हणून चारही पाय नवे केले. हात परत बसवला, या वेळी आरपार बोल्ट घालून, पुन्हा कुणी उखडायचं म्हटलं तर अख्खा ट्रेलर फोडावा लागेल असा. प्रत्येक स्क्रू मी अण्णाच्या नावानं पिळत होते. एकदा वहिनी आली. फळीचं दुसरं टोक धरून उभी राहिली. जाताना तिनं देवीचा फोटो भिंतीवरून सोडवला, कपाळाला लावला आणि घरी घेऊन गेली. माझं काम झालं तरी आई काही आत यायला तयार होईना. "परत ओढून काढणार मला?" एवढंच म्हणायची. मी जेवणाची खुर्ची आणून शेजारी ठेवून दाखवली, दोन्हीची उंची सारखी आहे म्हटलं. तिनं बघितलंसुद्धा नाही.

मग बेळगावहून मावसभावाचा फोन आला. मावशीनं जेवण सोडलं होतं. घास पुढे केला की विचारत होती, अक्का आली का? आईनं सगळं ऐकलं, फोन खाली ठेवला आणि मला म्हणाली, "सरी, ठीक आहे. बसून बघते. पण एक सांगते. उठता आलं नाही तर मला कुणी हात लावायचा नाही. मी तिथेच बसून राहीन, पण कुणी ओढायचं नाही."

मी बॅगा भरल्या, ट्रेलर गाडीला जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई काठी टेकत आली, ट्रेलरची पायरी सावकाश चढली आणि सोफ्यावर बसली. चेहऱ्यावरून काही कळेना. मला म्हणाली, "तू बाहेर हो. उभी राहून बघू नकोस." मी बाहेर आले, तर अण्णा समोर उभा. हातात मोबाईल.

"परत तसाच लावलास?" तो म्हणाला.

इतक्या दिवसांचं सगळं एकदम तोंडाशी आलं. मी म्हटलं, तुला आईचे पाय कुठे आहेत तेवढं दिसतं, तिला कुठे जायचंय ते दिसत नाही. म्हटलं, ती तिकडे जेवत नाहीये, ही इकडे झुरतेय, आणि तू दिशा बघतोयस. अक्कल गहाण टाकलीस का, असंही म्हटलं. आणखी बरंच म्हटलं. तोही ओरडत होता. आणि ओरडता ओरडता त्याचा तो समजूतदार आवाज फाटला.

"बेळगावच्या याच रस्त्यावर बाबा गेले," तो म्हणाला. "माझ्या मांडीवर. गाडी थांबवायलासुद्धा जागा मिळेना. तू नव्हतीस. तू पुण्यात होतीस. मी होतो."

बाबा हुबळीच्या लग्नाहून परतताना गाडीत गेले, हे मला माहीत होतं. त्यापुढचं त्यानं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याहून जास्त संताप आला, आणि तो आजही उतरलेला नाही.

"मग असं सांग ना," मी ओरडले. "भीती वाटते म्हण. मला ते कळलं असतं. तिलाही कळलं असतं. करवत कशाला चालवलीस?"

आमचा आवाज ऐकून वहिनी दारात आली.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. लांबलचक. आम्ही दोघंही दचकून वळलो.

आई गाडीत पुढच्या सीटवर बसली होती. काठी मांडीवर, पदर नीट खोचलेला. ती हात लांब करून स्टिअरिंगवरचा हॉर्न दाबत होती. मागे ट्रेलरचं दार उघडं होतं आणि सोफा रिकामा होता.

"झालं असेल तर चला," ती काचेतून म्हणाली. "नाहीतर मी दुसरा ड्रायव्हर बघते."

ती एकटी उठली होती. कुणाचाही हात न धरता उठली, पायरी उतरली, आमच्या पाठीमागून चालत गेली, गाडीचं दार उघडून बसली. त्या एका उठण्यासाठी मी महिनोन् महिने जीव जाळला होता, अण्णानं घर डोक्यावर घेतलं होतं, आणि ती उठली तेव्हा आम्हा दोघा मुलांपैकी एकाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं.