उद्याचं शिबिर आजच संपन्न

उद्या व्हायचं शिबिर मी आजच ब्लॉगवर 'उत्साहात संपन्न' करून टाकलं.

नांदेडला सरकारी बातम्या लिहिण्यात माझी नोकरी सरली. आता कार्यालयांना ब्लॉग लिहायला शिकवतो. ब्लॉग म्हणजे कार्यालयाचा नोटीस बोर्डच, फक्त खाली लोकांना उलट बोलायला जागा ठेवलेला. त्या जागेला कमेंट म्हणतात. रेणापूर तालुक्यातल्या एका कार्यालयात, तिथल्या अधिकारी मॅडमना, मी हे मोठ्या रुबाबात समजावत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं कृत्रिम पायांची मापं घ्यायचं शिबिर होतं. लातूरहून डॉक्टर येणार होते. आमची जुनी सवय अशी, की कार्यक्रमाची बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवायची. टाळ्यासुद्धा आधीच वाजवून घ्यायच्या. नमुना म्हणून मी तसलीच बातमी टाकली. शेड्यूल, म्हणजे 'उद्या छाप', दाबायचं सोडून पब्लिश, म्हणजे 'आत्ताच छाप', दाबलं. वर छाती काढून चहा मागवला.

चहाच्या आधी कमेंट आली.

"बघा मॅडम, लोक वाचून राहिले!"

मॅडमनी मोठ्यानं वाचली. सुमन नावाच्या बाईनं लिहिलं होतं, 'शिबिर झालं म्हणं. सासऱ्याला आणायला टेम्पो सांगितला होता, तो आता नको म्हणून कळवलं. पुन्हा कधी हाय?'

"पुन्हा कुठलं? डॉक्टर एकदाच येणार. साहेब, हे काय करून ठेवलं?"

"डिलीट करतो."

"इथलं कराल. गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोण काढणार?"

मग मी नवीन पोस्ट लिहिली. 'शिबिर झालेलं नाही. उद्या सकाळी आहे. चूक माझी. नक्की या.'

मॅडम दचकल्या. "सरकारी पानावर 'चूक'? वरून फोन येईल."

"माझं नाव टाका खाली."

फोन आला नाही, कमेंटच आल्या. धो धो! फोटो लागतो का? औश्याचा माणूस चालंल का? पायऱ्या लई हायत का? मॅडम उत्तरं सांगतायत, मी कीबोर्ड बडवतोय. पायऱ्यांचं वाचून मॅडमनी शिबिर वरच्या हॉलमधून खाली अंगणात आणलं. मी खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी होतो. नोटीस बोर्डानं आजवर कुणाचं ऐकलं होतं का?

सुमनलाही तेच कळवलं होतं, तिचं उत्तर मात्र येईना.

सकाळी अंगण भरलं. माझा डोळा फाटकावर. डॉक्टर पेट्या आवरायच्या बेतात असताना टेम्पो आला. सुमनच्या खांद्यावर हात टाकून तिचे सासरे, बापू, उतरले. माप झालं. मी पेढा मिळाल्यासारखा पुढं धावलो.

धडा एवढाच, ब्लॉगवर आधी घडू द्यावं, मग लिहावं.

"बापू, हेच ते ब्लॉगवाले साहेब," मॅडमनी ओळख करून दिली.

बापूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुनेकडं वळले. "सुमन, माझ्या मयतीची बातमी तेवढी ह्याच्याकडं देऊ नको. मी जित्ता असतानाच उरकून टाकील."