वाई ते आटपाडी: आप्पा, धुरकट काच आणि पाण्याचा पंप

आत्यानं आटपाडीला डाळिंबाची बाग लावली होती. तिचा पहिला बहार हाती आला तेव्हा तोडणीच्या आत येऊन बघून जा, असा निरोप आला. एसटीनं जायचा विचार आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मनातसुद्धा आणला नाही. लष्करातली सगळी नोकरी त्यांनी गाड्या दुरुस्त करण्यात काढली होती. निवृत्तीनंतर साताऱ्यातल्या एका डॉक्टरांची साठच्या दशकातली मोटार विकत घेऊन ती वाईच्या आमच्या अंगणात त्यांनी पुन्हा धावती केली होती. हे सांगतेय ते नव्वदच्या दशकाच्या मध्याचं.

जानेवारी होता. सातारा ओलांडेपर्यंत काचेवर दव होतं, आणि आप्पा एका हातानं स्टेअरिंग सांभाळत दुसऱ्या हातानं फडकं फिरवत होते. पुणे-बंगळूर रस्ता तेव्हा दुपदरी, त्यामुळे एखाद्या ट्रकमागं अडकलं की उंब्रजपर्यंत त्याचीच पाठ बघायची. कराडला स्टँडसमोर आम्ही मिसळ खाल्ली. तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर पोटपूजा कराडलाच उरकून घ्या. विट्याकडं वळल्यावर आम्हाला चहापलीकडं काही मिळालं नाही.

तो रस्ता पूर्वेला जातो, म्हणजे सकाळचं ऊन थेट तोंडावर. त्यात साखर कारखान्यांचा हंगाम. उसाच्या ट्रॉल्या पुढं, धूळ मागं. दव आणि धूळ मिळून काचेवर चिखलाचा पातळ थर बसला, आणि वायपरनं तो आणखीच सारवला. आप्पा काचेवर पाणी उडवायचं बटण दाबत होते, पण पाणी येत नव्हतं. गेले दोन-तीन महिने त्यांची काचेबद्दल तक्रार चालूच होती. वायपरची रबरं बदलून झाली होती, काच राखेनं घासून झाली होती.

कडेगावच्या अलीकडं एका वळणावर उसानं भरलेली बैलगाडी समोर आली. मला ती बरीच आधी दिसली होती. आप्पांनाही दिसली असणार, असं मी धरून चालले. मोटारीचा वेग काही कमी होईना, तेव्हा मी त्यांचा दंड धरला. त्यांनी ब्रेक दाबला आणि मोटार बैलाच्या शिंगांपासून हातभर अंतरावर थांबली.

गाडीवान खाली उतरला. शिव्या देईल असं वाटलं होतं, पण त्यानं आधी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग आप्पांना विचारलं, "झोप लागली हुती का, पावणं?"

"काच," आप्पा म्हणाले.

शेजारीच चहाची टपरी होती. दीड रुपयाचा चहा तिघांनी घेतला, आणि पंप चालू झाल्याशिवाय पुढं जायचं नाही, असं आप्पांनी जाहीर केलं.

बोनेट उघडलं. टाकीत पाणी होतं. मी आत बसून बटण दाबलं, पण पंपाचा आवाज येत नव्हता. आप्पांनी फ्यूज काढून उजेडात धरला आणि माझ्या हातात दिला. तार शाबूत होती. मग त्यांनी बॅटरीवरून पंपाला थेट वायर जोडली, तर पंप गुणगुणायला लागला. म्हणजे पंप जिवंत होता, त्याच्यापर्यंत करंट नीट पोचत नव्हता. शोधता शोधता अर्थिंगची वायर सापडली. जिथं ती पत्र्याला स्क्रूनं आवळली होती, तिथं गंज चढला होता. पॉलिश पेपरनं तो खरवडला, स्क्रू आवळला, आणि बटणावर पंप बोलायला लागला. पाणी मात्र अजून येत नव्हतं. पंपाची नळी सोडवल्यावर धार आली, पण जोडल्यावर काचेपाशी काहीच नाही. बोनेटवरचं फवाऱ्याचं भोक बुजलं होतं. टाचणी शोधायला मी पर्स उघडली तोवर गाडीवान कडेच्या बाभळीचा काटा मोडून घेऊन आला.

भोक मोकळं झालं आणि मी बटण दाबलं. पाणी काचेवरून, टपावरून उडून पलीकडं उभ्या गाडीवानाच्या पटक्यावर पडलं.

"माजी आंगूळ झालीया सकाळीच," तो शांतपणे म्हणाला. आप्पा त्या दिवसात पहिल्यांदा हसले. फवाऱ्याचं तोंड त्यांनी खाली वळवलं, आणि दोन-तीन धारांत काच लख्ख झाली.

आप्पा स्टेअरिंगवर बसले. पुन्हा पाणी उडवलं. पुन्हा वायपर फिरवला. पुन्हा पाणी.

"अजून धुरकाटच हाय की गं," ते म्हणाले.

मला त्या काचेतून पलीकडच्या शेतातल्या उसाचं पान न् पान दिसत होतं. आप्पा खाली उतरले आणि काच मधे न घेता रस्त्याकडं बघत राहिले. मग त्यांनी एक डोळा हातानं झाकला. तो उघडून दुसरा झाकला. फ्यूज तपासावा तितक्या शांतपणे.

"डावा चालतोय. उजव्यात बिघाड हाय," ते म्हणाले, आणि किल्ली माझ्यापुढं धरली. "तू घे."

ती मोटार त्यांनी तोवर कुणालाच चालवू दिली नव्हती. विट्यापर्यंत माझे गिअर खरखरत होते. भिवघाटाच्या चढावर त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही दुसरा टाक एवढंच सांगायला. पुढचा मुलूख उघडा, माळाचा, आणि त्या माळात आत्याची लालेलाल बाग. तिनं बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. डोळ्याचं ऐकून तिला रडू आलं, तेव्हा आप्पांनीच तिला एक डाळिंब फोडून दिलं.

परतताना आम्ही मिरजेला वाकडी वाट केली. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. उन्हाळ्याच्या आत ऑपरेशन झालं आणि आप्पांना पुन्हा गाडी चालवायची परवानगी मिळाली.

पुढच्या बहाराला आम्ही परत निघालो तेव्हा किल्ली मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मला परत केली आणि वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले.

"हिकडनं शेतं बघाया मिळत्यात," म्हणाले. "चाळीस वर्सं रस्ताच बघितला."

आटपाडीपर्यंत त्यांनी मला प्रत्येक रानातलं पीक सांगितलं.